अकरा गावांचं आमंत्रण

एडिसन, न्यू जर्सी
१४ जानेवारी २०२४

चि. विष्णूस अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतोस, की तो कागद फ्रिजवर चिकटवून ठेवलास आणि झालं? कानातल्या मशीनची शिट्टी थांबली का? ती थांबत नाही तोवर आपण फोनच्या भानगडीत न पडलेलंच बरं. मागच्या वेळी मी विचारलं, जेवलास का, तर तू म्हणालास, मंगळवारी. वल्लरीचं थायरॉइड ताळ्यावर आलं का? जावईबापू विवेकरावांची पाठ कशी आहे, अजून जमिनीवरच झोपतात का? आणि आपली केया? तिचा तो कोरडा खोकला गेला का? सिगारेट ओढते का, खरं सांग. तिला मी काही बोलणार नाही, तुला बोलेन.

इकडे मी ठीक. साखर थोडी वर आहे, पण संक्रांत आहे म्हटल्यावर ती तरी काय करणार? केदारला सर्दी, स्वानंदीला केदारची सर्दी. आरोही ठणठणीत. फक्त तिची मान फोनमध्ये वाकलेली असते ती जेवायला बसल्यावरच सरळ होते, तीही निम्मी.

तीच परवा धावत आली. "आजी! केयादीदीचा बँड अमेरिकेत येतोय! दे आर लाइक, रिअली बिग देअर!" मी म्हटलं, देअर म्हणजे कुठे? म्हणाली, इंग्लंडमध्ये. मग इथे कोण ओळखतं त्यांना? तर म्हणाली, अजून कोणी नाही, म्हणूनच तर येताहेत. मला ते पटलं. मी आले तेव्हा मलाही इथे कोणी ओळखत नव्हतं.

तर केया माझ्याकडेच उतरणार. दुसरं काही मी ऐकून घेणार नाही. तुला ठाऊकच आहे, इथल्या मंडळात कुणाचे आईवडील यायचे असले की आमंत्रणाचं पत्र माझ्याकडून लिहून घेतात. मी सातवी पास. पण शाळेच्या कॅफेटेरियात सतरा वर्षं काढली, आणि मुलांच्या टाकलेल्या पुस्तकांतून, सरकारी फॉर्मांतून इंग्रजी शिकले. माझ्या पत्रावर निघालेला एकही म्हातारा आजवर परत गेलेला नाही. माझं तत्त्व एकच, काही लपवायचं नाही. नातवाचं बारसं असेल तर बारसं लिहा, नाव काय ठेवणार तेही लिहा. अधिकारी झाला तरी माणूसच ना. आपल्या घरचा आनंद त्याला कळला की तो शिक्का मारतो.

केदार म्हणतो, केयाच्या ब्रिटिश पासपोर्टाला असलं पत्र लागत नाही. नसेल लागत. म्हणून काय माझी नात माझ्या घरी यायला निघाली आणि तिच्या हातात माझं पत्र नाही, असं होऊ द्यायचं? लिहिलंय. खाली माझा फोन नंबरही घातलाय, की काही शंका असल्यास खुशाल विचारावं. आरोहीनं ते फोटो काढून तिकडे पाठवलंसुद्धा.

थंडीत बाहेर पडू नकोस.

तुझी,
अक्का

*

कॉव्हेंट्री
२९ जानेवारी २०२४

ती. अक्कास विष्णूचा साष्टांग नमस्कार. गुडघ्यामुळे साष्टांग मनातल्या मनात.

वल्लरी बरी आहे, विवेकराव पलंगावर आले. केया ओढत नाही, पण ज्या ठिकाणी वाजवायला जाते तिथल्या दाराबाहेरचा धूर अंगावर घेऊन येते. तिची आई कोट दारातच उतरवून घेते.

कोटावरून आठवलं, यांच्या बँडचं नाव 'थर्डहँड कोट्स'. मी म्हटलं, अगं, सेकंडहँड ऐकलं होतं, हे थर्डहँड काय? म्हणाली, आजोबा, म्हणूनच लक्षात राहतं. चौघंजण आहेत. कॅलम गातो. तो आमच्याच रस्त्यावरचा. नर्सरीपासून दोघं एकत्र. आमच्याकडे पिठलं-भाकरी खाऊन वाढलाय, मला आजोबाच म्हणतो. एक मुलगी ड्रम वाजवते, एक मुलगा गिटार. आणि आपल्या केयाची चार तारांची जाड आवाजाची गिटार, तिला बास म्हणतात. ती वाजत असते तेव्हा लक्षात येत नाही. थांबली की कळतं, काहीतरी निघून गेलं.

तीन वर्षं ही पोरं आमच्या गॅरेजमध्ये खडखडाट करत होती. शेजारचा गॉर्डन तक्रार करायचा. गेल्या वर्षी एक गाणं रेडिओवर लागलं, आणि एका संगीताच्या साप्ताहिकानं 'यंदा यांना ऐकाच' म्हणून फोटो छापला. आता गॉर्डन सगळ्यांना सांगतो, त्यांना पहिल्यांदा मी ऐकलं. लंडनचा हॉल तीनदा भरला. पण केया म्हणते, इथलं डोक्यावर घेणं दोन वर्षं टिकतं. अमेरिकेत पाय रोवला तरच पुढे काही. तीन आठवडे, एक व्हॅन, अकरा गावं. शेवटच्या कार्यक्रमाला, ब्रुकलिनला, न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड कंपनीचा माणूस येणार आहे. तो हो म्हणाला तर ही पोरं पोटापाण्याला संगीतच करतील. नाही म्हणाला तर ज्याचा तो नोकरी शोधेल. केया हे हसत सांगते, पण बोटं पँटवर आपटत असतात.

तुझं पत्र वाचून ती खूप हसली. मग छापून, घडी घालून पासपोर्टात ठेवलं.

कागदपत्रांचं त्यांचा मॅनेजर बघतो आहे. तू त्यात पडू नकोस.

तुझा,
विष्णू

*

एडिसन
१९ मार्च २०२४

चि. विष्णूस आशीर्वाद.

वल्लरीनं केदारला मेसेज केला की केया घरी पोचली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. पण पोचली म्हणजे काय, ते तूच सांगशील. कशी आहे? जेवते का?

मला जे दिसलं तेवढं लिहिते. शुक्रवारी मी आणि केदार दोन वाजताच विमानतळावर जाऊन बसलो. मी गुळपोळ्या केल्या होत्या. अकरा गावांची यादी आरोहीनं छापून दिली होती, ती मी इतक्या वेळा वाचली की बसल्या जागी तोंडपाठ झाली. फिलाडेल्फियापासून ॲन आर्बरपर्यंत नि तिथून परत ब्रुकलिन.

साडेचारला तिघं बाहेर आले. एक उंच काटकुळा, एक निळ्या केसांची मुलगी, एक टोपीवाला. त्यांच्या सामानाच्या गाड्यावर केयाच्या गिटारची पेटी होती, फोटोत पाहिलेली. केया नव्हती. उंच पोरगा सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "आजी?" असं इतकं स्वच्छ म्हणाला की मला वाटलं आपल्यातलाच. तो कॅलम. म्हणाला, तिला आतल्या खोलीत नेलंय, विचारताहेत.

आम्ही पाच तास बसलो. केदार इकडे विचार, तिकडे विचार, पण कुणी काही सांगेना. शेवटी कॅलमच्या फोनवर तिचे दोनच शब्द आले, परत पाठवताहेत. दुसऱ्या दिवशी त्यांना फिलाडेल्फियात उभं राहायचं होतं, व्हॅन खोळंबली होती. तो म्हणाला, मी जात नाही. निळ्या केसांच्या मुलीनं त्याच्या दंडाला धरलं आणि त्याला दाराकडे वळवलं. मग गेले. गुळपोळ्यांचा डबा मी त्यांना दिला. दुसरं काय देणार होते?

विष्णू, तिच्याजवळ माझं पत्र होतं ना रे?

मला आणखी काही लिहिवत नाही.

अक्का

*

कॉव्हेंट्री
२ एप्रिल २०२४

ती. अक्कास सा. नमस्कार.

तू कुठे स्वतःला दोष देत बसली असशील म्हणून आधी हे लिहितो. चूक माझी आहे.

केयाचा कामाचा व्हिसा आलाच नव्हता. बाकी तिघांचे आले. मॅनेजरकडून तिचा एक कागद राहिला, तिचा अर्ज उशिरा गेला आणि तारखा तर ठरलेल्या. तेव्हा मॅनेजरनं सांगितलं, तू टुरिस्ट म्हणून जा, गिटार या तिघांच्या सामानात जाईल, कुणी विचारलं तर सांग, आजीला भेटायला आले. केयानं मला विचारलं, आजोबा, असं करू का? मी हो म्हटलं. वीस वर्षं तिला खोटं बोलू नको म्हणून शिकवलं, आणि एका दुपारी हो म्हटलं. तुला कळवलं नाही, कारण तुझं तत्त्व मला माहीत. तू मोडता घातला असतास. म्हणून 'तू त्यात पडू नकोस' असं लिहिलं.

आता ती खोलीतून बाहेर येत नाही. आली तर आईशी दोन वाक्यं. झालं असं, की आत पहिला अर्धा तास सगळं ठीक चाललं होतं. ती म्हणत होती, आजी, सुट्टी. अधिकारीण बाई उठून गेली, दहा मिनिटांनी परत आली आणि म्हणाली, उद्या फिलाडेल्फिया, मग बाल्टिमोर, मग ॲन आर्बर. आम्हाला सगळं सांगण्यात आलंय. केयाच्या मनात आलं, ओळीनं गावं माहीत असणारं तिथे कोण होतं? शेजारच्या खिडकीशी कॅलम होता. त्यालाही विचारपूस चालू होती.

तेव्हापासून तिनं त्याचं नाव टाकलंय. त्याचे फोन येत नाहीत असं करून ठेवलंय. तिच्या डोक्यात बसलंय की त्यानं स्वतःला वाचवायला तिला पुढे केलं, आणि तीन दिवसांत तिच्या जागी एक अमेरिकन उभासुद्धा केला. अक्का, नर्सरीपासूनची दोघं! चिकनपॉक्ससुद्धा एकाच आठवड्यात झाला होता. बँड गेला, अमेरिका गेली, त्याचं ती रडत नाही. कॅलम असा निघाला, याचं रडते.

मला विश्वास बसत नाही, पण माझ्या विश्वासाला आता काय किंमत? म्हणून तुला विचारतो. पाच तास तू त्याच्याजवळ बसली होतीस. तुला माणसं कळतात. तो पोरगा तुला कसा वाटला? असं करणारा वाटला का?

विष्णू

*

एडिसन
१४ एप्रिल २०२४

चि. विष्णूस आशीर्वाद.

तुझं पत्र मी आल्या दिवशी उघडलं आणि मिटलं. उत्तर लिहायला बसले की हात थांबायचा. आज लिहिते आहे ते एका बैठकीत लिहून टाकणार आहे, नाहीतर राहील.

तुझं पत्र यायच्या आधीच, पाच तारखेला मी ब्रुकलिनला गेले होते. केदार नको म्हणत होता, आरोहीला बरोबर घेऊन गेले. जागा म्हणजे एक जुनी वखार, आत एकही खुर्ची नाही. हजार माणसं मावतील तिथे शंभरही नसतील, आणि त्यातली निम्मी दारूच्या काउंटरला पाठ टेकून आपल्याच गप्पांत. आरोही कुजबुजली, आजी, फोनवर तर यांना एवढे लोक ऐकतात! मी म्हटलं, बाळ, फोनवरच्यांना घर सोडावं लागत नाही. कॅलमनं मला ओळखलं. कुठूनतरी ड्रमची रिकामी पेटी ओढत आणली, तिच्यावर आपला कोट घातला नि मला बसवलं. म्हणाला, ॲन आर्बरला अठरा माणसं होती, आणि त्यातले चौघे तिथले वाढपी. हसत सांगत होता. गाल आत गेले होते.

कंपनीचा माणूस आला होता. आरोहीनं दाखवला. पांढरे बूट घातलेला.

तीन-चार गाणी झाली. मला त्यातलं काय कळणार, पण पोरं जीव तोडून वाजवत होती. मग कॅलमनं त्या अमेरिकन मुलाला खूण केली. त्यानं गिटार खाली ठेवली आणि बाजूला झाला. कॅलम माइकमध्ये म्हणाला, पुढचं गाणं केयाचं आहे, ते ती एकटी सुरू करते. एवढं बोलून तिघं नुसते उभे राहिले. कुणी तारेला हात लावेना. मला आधी वाटलं, काही बिघडलं. मग बघते तर निळ्या केसांची मुलगी मान हलवून मोजत होती. केयानं जेवढा वेळ वाजवलं असतं, तेवढा वेळ ती तिघं तिच्या न वाजण्यात उभी होती. मागे लोक बोलत होते. एक जण हसला. पांढऱ्या बुटांनी फोनमध्ये पाहिलं, आणि गाणं सुरू व्हायच्या आतच माणूस दाराकडे निघाला. कॅलमला तो जाताना दिसला. तरी पोरांनी मोजणं पुरं केलं, मगच सुरुवात केली.

नंतर तो बाहेर माझ्याशी बोलायला आला. त्यानं अमेरिकेबद्दल एक अक्षर काढलं नाही. विचारलं, "आजी, केया माझा फोन का घेत नाही? मी काय केलं?" आणि म्हणाला, "मला आत विचारलं होतं, ती तुमच्या बँडमध्ये आहे का. मी म्हटलं, नाही, मैत्रीण आहे, आजीकडे चाललीये. तीनदा विचारलं. तीनदा तेच सांगितलं. चुकलं का माझं काही?"

मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गाडीत जाऊन बसले. मी भित्री आहे विष्णू.

मागच्या पत्रात तुला लिहिलं, कुणी काही सांगेना. ते खोटं होतं. मला चार वाजायला वीस मिनिटं असताना फोन आला होता. बाईचा आवाज, अगदी गोड. मिसेस साबळे का? केया तुमची कोण? मी म्हटलं, नात, भावाची. ती कशासाठी आली आहे? मला वाटलं, झालं, माझं पत्र कामाला आलं. शंभर म्हाताऱ्यांसाठी जे केलं ते आपल्या पोरीसाठी करायची वेळ आली.

मी म्हटलं, अहो, साधीसुधी पाहुणी नाही ती! तिच्या बँडला अकरा गावांनी बोलावलंय! बाई म्हणाली, हो का? कुठली गावं? आणि मी उभी राहून, मुलं शाळेत कविता म्हणतात तशी, सगळी गावं म्हटली. तारखांसकट. बाईनं विचारलं, ती सगळीकडे वाजवणार का? मी म्हटलं, म्हणजे काय, तिच्याशिवाय त्यांचं पान हलत नाही. बाई म्हणाली, थँक यू मॅम, तुमची फार मदत झाली.

फोन ठेवून मी केदारला ऐटीत म्हटलं, बघ, एका फोनात काम केलं. त्याचा चेहरा बघितला, विष्णू. एवढंच म्हणाला, "आई, तिचा वर्क व्हिसा आहे ना?"

तू विचारलंस, तो पोरगा असं करणारा वाटला का. नाही. तो खोटं बोलला तिच्यासाठी. खरं मी बोलले.

आता हे केयाला सांगितलं पाहिजे. तू सांग. मी कुठल्या तोंडानं सांगू?

अक्का

*

कॉव्हेंट्री
२७ एप्रिल २०२४

ती. अक्कास,

तुझं पत्र मी बागेतल्या शेडमध्ये बसून वाचलं आणि तिथेच ठेवून आलो.

तुझ्यावर रागावलो होतो. मग कळेना, कशाबद्दल रागवायचं. मी तुला एक ओळ लिहिली असती तर तू फोनवर गप्प बसली असतीस. खोटं बोलली नसतीस, पण गप्प बसली असतीस. तेवढं पुरलं असतं.

कंपनीनं नाही म्हटलं. ड्रमवाली बहिणीकडे ग्लासगोला गेली, तिथे पाळणाघरात लागली. मॅनेजर फोन उचलत नाही. केयाला आता अमेरिकेत यायचं तर रीतसर व्हिसा मागावा लागेल, आणि ही परत पाठवल्याची नोंद प्रत्येक वेळी पुढे येईल. ती एका गोदामात खोक्यांवर पट्टी मारायला जाते.

मंगळवारी कॅलम आला होता. तिची गिटार घेऊन. दार मी उघडलं. म्हटलं, केया झोपली आहे. दुपारचे दोन वाजले होते आणि वरून तिच्या पावलांचा आवाज येत होता, मला ऐकू आला म्हणजे त्याला आलाच असणार. तो म्हणाला, ठीक आहे आजोबा. पेटी पायरीवर ठेवून गेला. पोरगं पंधरा वर्षं त्या दारातून न विचारता आत येत होतं.

तरीही अक्का, तिला सांगू नकोस. हात जोडतो. तुझं नाव घेते तेव्हाच तिचा चेहरा जरा सुटतो. म्हणते, बिचाऱ्या आजीनं पाच तास वाट पाहिली. ते काढून घेतलं तर तिच्याजवळ काय राहतं? आणि मी हे इतके दिवस पोटात ठेवलं, हे कळलं तर ती माझ्याकडे तरी बघेल का? मुलं विसरतात. दुसरे मित्र होतात. होऊ दे असंच.

विष्णू

*

एडिसन
९ मे २०२४

चि. केयास मीनाक्षीआजीचे अनेक आशीर्वाद.

तुला मराठी कळतं, वाचता येत नाही. म्हणून हे तुझे आजोबा मोठ्यानं वाचताहेत. विष्णू, एकही ओळ गाळू नकोस. याचीच दुसरी प्रत मी वल्लरीच्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकली आहे, तेव्हा गाळलीस तर संध्याकाळी कळेलच. पाणी पिऊन घे आणि वाच.

केया, इंग्रजीत लिहायला मी तीन दिवस बसले. पण माझं इंग्रजी अर्जांचं आहे. 'आपणास नम्र विनंती की' याच्या पुढे जाईना. त्या भाषेत माफी मागितली तर ती मंजूर-नामंजूर करायचा कागद वाटतो. म्हणून घरच्या भाषेत लिहिते.

कॅलमनं कुणाला काही सांगितलं नाही. त्या बाईला फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, ॲन आर्बर मी सांगितलं. तिनं मला फोन केला आणि मी अभिमानानं अकराच्या अकरा गावं म्हणून दाखवली. तू टुरिस्ट म्हणून आलीस, हे मला ठाऊक नव्हतं. पण हे मी स्वतःला सोडवायला लिहीत नाही. अभिमान माझा होता, अमेरिका तुझी होती. बोलायच्या आधी मला विचार करायला हवा होता की समोरचं माणूस हे का विचारतंय. मी तुझं कौतुक करण्यात गुंतले होते.

कॅलमला शेजारच्या खिडकीशी तीनदा विचारलं, ती तुमच्या बँडमध्ये आहे का. तो तीनदा नाही म्हणाला. ब्रुकलिनला तुझं गाणं आलं तेव्हा तुझा भाग त्यानं कुणाला वाजवू दिला नाही. तिघं तेवढा वेळ गप्प उभे राहिले. ज्याच्यासाठी ही सगळी धावपळ, तो माणूस उठून चालला हे त्याला दिसत होतं, तरी त्यानं घाई केली नाही. मी तिथे होते. मी पाहिलंय.

आणि तुला हेही कळू दे, की हे मी तुझ्या आजोबांना गेल्या महिन्यातच लिहिलं होतं. त्यांनी सांगितलं नाही. त्याआधी तुझ्या व्हिसाचं त्यांनी मला सांगितलं नव्हतं. आम्ही दोन म्हाताऱ्यांनी आपापली लाज झाकायला पांघरूण ओढलं, ते तुम्हा दोघांच्या अंगावरचं होतं. विष्णू, थांबू नकोस. वाच.

तू आता मला आजी म्हणू नयेस असं वाटलं तर म्हणू नकोस. फक्त आजोबांवर फार दिवस धरू नकोस, ते जवळ आहेत, त्यांना रोज तुझ्यासमोर जेवायला बसावं लागतं. माझ्यावर धर. माझ्यात नि तुझ्यात समुद्र आहे, मला ते सोसेल.

कॅलम तुझ्यापासून चार घरांवर राहतो. त्याला अजून माहीत नाही की त्यानं काय केलं म्हणून तू बोलत नाहीस. आजोबांचं वाचून झालं की पायात चपला घाल आणि जा. काय बोलायचं ते ठरवत बसू नकोस, नुसती त्याच्या दारात उभी राहा.

मग मला लिही. इंग्रजीत लिही. शब्द अडला तर आरोहीला विचारणार नाही, कोश काढून बघेन. शिव्या असल्या तरी लिही. पण आधी त्याच्याकडे जाऊन ये. आणि लवकर लिही केया, मी शहात्तर वर्षांची आहे.

तुझी,
मीनाक्षीआजी